व्यसन पसरवतं कोण, जुना की नवा? (साथीच्या गणितावर चर्चा)

उंबरठा (धागाकर्ता)

करोनाने एक बरं केलं, आर-नॉट म्हणजे काय हे आता कुणाला समजावत बसावं लागत नाही. एक रुग्ण सरासरी किती नव्या लोकांना लागण करतो, तो आकडा. एकाच्या वर गेला की साथ पसरते, एकाच्या खाली आला की विझत जाते. हेच गणित हेरॉइन-कोकेनच्या प्रसाराला लावायचा उद्योग पन्नासेक वर्षं चालू आहे. मी गेले काही दिवस त्यात डोकं घालून बसलोय. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्यसन हा काही जंतू नाही, मग साथीचं गणित इथे लावायचं कसं? तर पहिला डोस बहुतेकांना कुठल्या अनोळखी विक्रेत्याकडून नाही, मित्राकडून मिळतो. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॉली या नव्याने वसवलेल्या गावात डी अलार्कन यांनी हेरॉइन घेणाऱ्या तरुणांना एकच प्रश्न विचारला, तुला पहिल्यांदा कुणी दिलं? उत्तरं कागदावर जोडत गेल्यावर थोड्याच जणांपासून फुटत गेलेली वंशावळ तयार झाली. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये निल्स बेयेरॉट हे डॉक्टर अटकेत आलेल्यांच्या दंडांवरच्या सुयांच्या खुणा तपासून इंजेक्शनचं व्यसन किती वेगाने वाढतंय याची नोंद ठेवत होते. १९७२ साली शिकागोच्या पॅट्रिक ह्यूज आणि सहकाऱ्यांनी हेरॉइनच्या साथीचा जीवनक्रम मांडला. १९७९ मध्ये मॅकिंटॉश आणि स्ट्युअर्ट यांनी ते सगळं समीकरणांत बसवलं. आज ज्याचा दाखला सर्वात जास्त दिला जातो ते मॉडेल मात्र २००७ चं, आयर्लंडमधल्या व्हाइट आणि कॉमिस्की यांचं.

त्यात तीन कप्पे आहेत. धोक्यात असलेले, वापर करणारे पण उपचार न घेणारे आणि उपचारात असलेले. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात माणूस जातो तो दुसऱ्या कप्प्यातल्या कुणाच्या तरी संगतीने. दुसऱ्यातून बाहेर पडायच्या वाटा तीन: उपचार, आपणहून सोडणं, मृत्यू. आर-नॉट म्हणजे नवे ओढण्याचा वेग भागिले या तीन वाटांनी बाहेर पडण्याच्या वेगांची बेरीज. बस, इतकंच.

आता मूळ मुद्दा. समजा (आकडे माझे, काल्पनिक) एक माणूस पाच वर्षं वापर करतो आणि दर वर्षी सरासरी ०.३ नव्या लोकांना ओढतो. पाच वर्षांचे १.५. साथ वाढणार. उपचार केंद्राने ठरवलं की प्रत्येकाला तीन वर्षांच्या शेवटी गाठायचं, तर ०.३ गुणिले ३, म्हणजे ०.९. एकाच्या खाली. काम फत्ते!

पण खरं चित्र असं सपाट नसतं. नवा वापरणारा उत्साहात असतो. अजून त्याची नोकरी शाबूत, तब्येत शाबूत, मित्र अजून न घेणारेच, आणि 'काही होत नाही रे' असं तो मनापासून सांगू शकतो. म्हणून समजा पहिल्या वर्षी तो ०.९ जणांना ओढतो आणि पुढची चार वर्षं फक्त ०.१५ प्रत्येकी. बेरीज करा, तीच १.५. आता तीन वर्षांनी गाठलं तर काय? ०.९ अधिक ०.१५ अधिक ०.१५, म्हणजे १.२. साथ वाढतच राहते!

आर-नॉट तोच, उपचार तोच, निकाल उलटा. रस्त्याच्या कडेला पडलेला, सगळ्यांना दिसणारा व्यसनी माणूस साथीचा स्रोत जवळजवळ नसतोच. स्रोत असतो तो, ज्याच्याकडे बघून कुणालाही शंका येत नाही.

बेरीजवजाबाकी

छान लिहिलंय. एक शंका. दुसऱ्या उदाहरणात एकाच्या खाली यायला किती लवकर गाठावं लागेल? मी काढलं तर एक वर्ष आठ महिने येतंय. पहिल्या वर्षाचे ०.९ गेले, उरले ०.१, भागिले ०.१५, म्हणजे वर्षाचा दोन-तृतीयांश.

उंबरठा

बरोबर. आणि दीड-पावणेदोन वर्षांत आपणहून उपचाराला कोण येतं? त्या वेळी त्याच्या दृष्टीने प्रश्नच सुरू झालेला नसतो. लिऑन हंट यांनी १९७४ मध्ये नेमकं हेच अंतर मोजायचा प्रयत्न केला, पहिला वापर आणि उपचार केंद्रात पहिलं पाऊल यांच्यातलं. ते काही वर्षांचं असतं आणि माणसागणिक बदलतं. म्हणून केंद्रातली गर्दी हा काही वर्षांपूर्वीच्या साथीचा फोटो असतो. गर्दी शिगेला पोचते तेव्हा नवी लागण कदाचित ओसरलेलीही असते. आणि गर्दी नसते तेव्हा...

शेवटचाबाक

वाचनखूण साठवली आहे. सावकाश वाचतो.

तिरकस

मांडणी देखणी आहे, म्हणूनच शंका येते. देखण्या वक्राचा, म्हणजे आलेखावरच्या चढत्या-उतरत्या रेषेचा, इतिहास आठवा. या सगळ्या कप्प्यांच्या मॉडेलचं मूळ म्हणजे केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा शोधनिबंध. त्यात मॉडेल खऱ्या आकड्यांना कसं चपखल बसतं हे दाखवायला घेतली होती मुंबईची प्लेगची साथ, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यू. वक्र असा काही बसला की बघत राहावं. पण त्या समीकरणात माणसाकडून माणसाला लागण धरलेली होती, आणि मुंबईचा प्लेग होता उंदीर आणि पिसवांचा, शिवाय ऋतूप्रमाणे चढणारा-उतरणारा. यंत्रणा चुकीची, वक्र अचूक!

मग हेरॉइनचा वक्र घंटेसारखा दिसला म्हणून तो 'संगतीने' पसरला असं कशावरून? एकाच वस्तीत, एकाच वयाच्या, एकाच प्रकारे बेकार झालेल्या दहा पोरांनी दोन वर्षांत सुरुवात केली, तर ती एकमेकांकडून शिकली की दहाही जणांवर एकच परिस्थिती कोसळली? अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये दाखवलं की नुसत्या गटाच्या सरासऱ्या बघून हे दोन वेगळे काढता येत नाहीत. आणि सारख्या स्वभावाची माणसं मुळातच मित्र होतात, तो गुंता वेगळाच.

उंबरठा

प्लेगचं उदाहरण चोख आहे आणि मला ते मान्य आहे. वक्र बसणं हा पुरावा नाहीच. म्हणूनच मला क्रॉलीची वंशावळ समीकरणांपेक्षा मोलाची वाटते. तिथे वक्र बसवला नव्हता, कुणी कुणाला दिलं हे विचारलं होतं. पण परिस्थिती आणि संगत यातलं एकच खरं असं कशाला? परिस्थिती ठरवते की पहिल्या कप्प्यात किती जण आणि ते किती कोरडे. संगत ठरवते ठिणगी कुठून कुठे जाते.

सावली

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. समीकरणं मला कळत नाहीत, पण दोन गोष्टी सांगते.

एक. 'नवा माणूस पसरवतो' हे आम्ही रोज ऐकतो. पेशंटला विचारलं की तुझ्यामुळे कुणी सुरू केलं का, तर आधी नाही म्हणतो. विश्वास बसला की नावं सांगतो, आणि ती जवळपास नेहमी सुरुवातीच्या दिवसांतली असतात. भाऊ, रूममेट, मैत्रीण. पुढे पुढे तो माल वाटून घ्यायलाच तयार नसतो, त्याला स्वतःलाच पुरत नाही! लोक त्याला टाळतात आणि तोही लोकांना.

दोन. तुमच्या उदाहरणात 'गाठलं' म्हणजे विषय संपला असं धरलंय. आमच्याकडे विषय तिथे सुरू होतो. रिलॅप्स, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे घसरणं, हा अपवाद नसतो. डिस्चार्ज घेऊन माणूस त्याच खोलीत, त्याच मित्रांत परत जातो. पहिल्या आठवड्यात कुणाचा फोन येतो यावर पुष्कळ काही ठरतं.

उंबरठा

सावली ताई, तुमचा दुसरा मुद्दा व्हाइट-कॉमिस्कींच्या मॉडेलमध्ये आहे, आणि गंमत तिथेच आहे. उपचारातला माणूस परत घसरतो तो उपचाराबाहेरच्यांच्या संपर्कामुळे, असं त्यांनी धरलं. तुम्ही म्हणता तो फोन. उपचाराच्या कप्प्यातून परत वापराच्या कप्प्याकडे जाणारा हा एक बाण आकृतीत काढला की गणिताचा स्वभावच पालटतो. ती ओढ पुरेशी जोरदार असेल तर आर-नॉट एकाच्या खाली नेऊनही साथ तग धरू शकते.

सोप्या शब्दांत सांगायचं तर साथ चढताना ज्या वाटेने चढली त्याच वाटेने उतरत नाही. एक हा आकडा ओलांडून ती वर आली असेल, पण खाली उतरवायला एकाच्या बरंच खाली जावं लागतं. कारण आता बाहेर वापरणाऱ्यांचा मोठा जमाव आहे आणि तो बऱ्या होणाऱ्यांना परत खेचतोय. हाच जमाव नसताना सुरुवातीलाच आवरलं असतं तर तेवढे कष्ट पडले नसते. उपचारापेक्षा प्रतिबंध बरा, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. म्हण म्हणून गुळगुळीत झालेली गोष्ट, पण इथे ती सिद्ध करून मिळते.

बेरीजवजाबाकी

म्हणजे उपचारावर पैसे घालवू नयेत?

उंबरठा

छे, अजिबात नाही. वरच्याच आकड्यांवर बघा. नुसता प्रतिबंध करून पहिल्या वर्षाचे ०.९ चे ०.६५ केले, तर एकूण १.२५. साथ चालू. नुसते तीन वर्षांनी उपचार, १.२. साथ चालू. दोन्ही एकत्र, ०.६५ अधिक ०.३, म्हणजे ०.९५. एकट्याने कुणालाच जमत नाही.

तिरकस

आणि सावली ताई जे म्हणाल्या, जुन्या व्यसन्याला लोक टाळतात, त्याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. येल विद्यापीठाचे इतिहासकार डेव्हिड मस्टो यांचं म्हणणं होतं की अमेरिकेत नशेच्या लाटा पिढीगणिक परत येतात, कारण आधीच्या पिढीने पाहिलेली वाताहत पुढची पिढी विसरते. वाताहत डोळ्यांसमोर असते तोवर तिचा धाक असतो. हेही तुमच्या मॉडेलात आहे का?

उंबरठा

आहे की! व्हिएन्नातल्या फाइश्टिंगर, ट्रागलर, बेरेन्स आणि अमेरिकेतल्या कॉल्किन्स यांनी १९९९-२००० च्या सुमारास कोकेनवर हेच केलं. त्यांनी वापरणाऱ्यांचे दोन गट पाडले, हलके (अधूनमधून घेणारे) आणि जड (सतत, भरपूर घेणारे). हलके नव्यांना ओढतात, जड लोकांकडे बघून नवे बिचकतात. पुढच्या मॉडेलात तर वाईट आठवणींचाही एक कप्पा आहे, जो जड वापरातून भरतो आणि काळाबरोबर आटतो.

यातून निघालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. साथीच्या अगदी सुरुवातीला जड वापरणाऱ्यांना पटापट बरं केलं, तर धाक कमी होतो आणि नवे जास्त येऊ शकतात. म्हणून त्यांच्या २००० सालच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न आहे, प्रतिबंध आणि उपचार दोन्ही करा, पण एकाच वेळी नको? सुरुवातीला भर प्रतिबंधावर, जड वापरणारे साठले की उपचारावर, अशी ती दिशा.

सावली

हे वाचून मला राग आला, स्पष्ट सांगते. समोर तडफडणारा माणूस बसलाय आणि त्याला बरं करू नका, तो इतरांना धडा म्हणून उपयोगी आहे? असं गणित कुठल्या केंद्रात चालेल?

उंबरठा

राग रास्तच आहे, ताई. पण ते गणित 'बरं करू नका' असं सांगत नाही. पैसा मर्यादित असेल तर कुठल्या वर्षी कशावर जास्त लावला म्हणजे एकूण वापर आणि खर्च कमी होतो, एवढंच ते शोधतं. त्या बेरजेत समोरच्या माणसाच्या वेदनेची किंमत किती धरली, हे मॉडेल बांधणारा ठरवतो. जास्त धरली की उत्तर बदलतं. माझ्या मते तो निष्कर्ष धोरण म्हणून वापरूच नये. धाकाची आठवण निर्माण करायला माणसं कुजत ठेवणं हा एकच मार्ग नाही, बरे झालेल्यांनी बोलणं हाही आहे. आणि तो समीकरणांत नाही.

गोळीवाटी

औषधशास्त्राशी संबंध असल्याने राहवलं नाही. वर सगळे मित्राकडून मिळणाऱ्या पहिल्या डोसबद्दल बोलताहेत. अमेरिकेतली ओपिऑइडची (अफूसारख्या वेदनाशामकांची) साथ अशी सुरूच झाली नाही. ऑक्सिकॉन्टिन हे त्याच प्रकारचं वेदनाशामक १९९६ मध्ये बाजारात आलं आणि हजारो लोकांचा पहिला डोस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आला. तिथे कुठली संगत?

उंबरठा

याच कारणासाठी बटिस्टा, पिअर्सी आणि स्ट्रिकलँड यांनी २०१९ मध्ये वेगळं मॉडेल बांधलं. त्यात चिठ्ठीवर औषध घेणाऱ्यांचा स्वतंत्र कप्पा आहे आणि तिथून थेट व्यसनाकडे जाणारा बाण आहे, कुणाच्याही संपर्काशिवाय. तो बाण असेपर्यंत व्यसनमुक्त समाज ही अवस्था त्या समीकरणांत अस्तित्वातच नाही. संगतीचा आकडा एकाच्या कितीही खाली आणा.

नळ चालू असताना फरशी पुसण्यासारखं आहे ते. समजा चिठ्ठीतून वर्षाला १०० जण व्यसनात येतात आणि प्रत्येक जण पुढे ०.५ जणांना ओढतो. १०० अधिक ५० अधिक २५ असं करत साखळी २०० वर थांबते. ओढ ०.९ असेल तर हीच साखळी १००० पर्यंत जाते. दोन्ही ठिकाणी आकडा एकाच्या खाली, पण एकीकडे दुप्पट आणि दुसरीकडे दहापट.

गोळीवाटी

आणि नळ बंद केला तर लोक दुसऱ्या नळावर जातात. ऑगस्ट २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिनची गोळी अशी बदलली की ती सहज कुटून ओढता येईना. अमेरिकेत हेरॉइनने झालेले मृत्यू २०१० मध्ये ३,०३६ होते, २०१६ मध्ये १५,४६९. सगळी वाढ त्या एका बदलामुळे असं कुणी म्हणणार नाही, पण हात होता हे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत आलंय. मग फेंटानिल हे हेरॉइनहूनही कितीतरी तीव्र ओपिऑइड आलं आणि चित्र पुन्हा पालटलं.

तिरकस

यात एक विचित्र गोष्ट आहे, तुम्हाला आवडेल. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जलाल आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते २०१६ चे अमेरिकेतले ओव्हरडोसचे मृत्यू मांडले. प्रत्येक पदार्थाचा वक्र वेगळा, कुणाचा चढता, कुणाचा ओसरलेला. पण सगळ्यांची बेरीज केली तर घातांकी (ठरावीक काळाने दुप्पट होत जाणाऱ्या) वाढीची जवळपास गुळगुळीत रेघ! पदार्थ बदलतो, बेरीज आपली वाढतच जाते. मग एकेका पदार्थाची 'साथ' मोजून काय साधलं? खालून ढकलणारं काहीतरी तिसरंच आहे.

माझ्या मूळ शंकेसाठी आणखी एक. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे असताना साधारण पाचातला एक व्यसनाधीन होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. पदार्थ तोच, माणूस तोच, फक्त जागा बदलली. तुमच्या समीकरणांत 'सोडण्याचा वेग' स्थिरांक आहे. स्थिरांक कसला?

उंबरठा

स्थिरांक नाहीच तो, त्या त्या जागेचा आणि काळाचा आहे. आयर्लंडचा आकडा उचलून दुसरीकडे लावणारा मनुष्य मॉडेल वापरत नाही, जादूटोणा करतोय. म्हणून 'पुढच्या पाच वर्षांत अमुक इतके व्यसनी होतील' असं कुणी मॉडेलच्या नावाने सांगितलं तर मी सोडून देतो. मला मॉडेल हवं ते 'कुठला बाण तोडला तर काय होईल' यासाठी.

त्यातही धोरणवाल्यांच्या हाती गेलं की काय होतं ते बघा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या रायडेल आणि एव्हरिंगहॅम यांनी हिशेब मांडला की कोकेनचा वापर १ टक्क्याने कमी करायचा तर उपचारावर ३ कोटी ४० लाख डॉलर लागतील, देशांतर्गत पोलिसी कारवाईवर २४ कोटी ६० लाख, सीमेवर माल पकडण्यावर ३६ कोटी ६० लाख आणि उत्पादक देशांत जाऊन कारवाई करायला ७८ कोटी ३० लाख. उपचारवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. १९९९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने तपासलं आणि म्हटलं की गृहीतकांना पुरेसा आधार नाही, यावर धोरण ठरवू नये. उपचार स्वस्त पडतो असं मलाही वाटतं, पण म्हणून त्या आकड्यांवर शपथ घेणार नाही.

बेरीजवजाबाकी

'साथ', 'लागण' म्हटलं की पुढची पायरी विलगीकरण. बेयेरॉट स्वतः कडक बंदोबस्ताचे पुरस्कर्ते होते ना?

उंबरठा

होते. पण हेच गणित दुसऱ्या टोकालाही नेतं. १९९० मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. एडवर्ड कॅपलन यांनी तिथे माणसांऐवजी सुयांचा पाठलाग केला. प्रत्येक सुईवर खुणेचा क्रमांक, परत आली की एचआयव्हीची तपासणी. त्यांनी सुईला मलेरियातल्या डासाच्या जागी ठेवलं. डासाचं आयुष्य कमी झालं की मलेरिया कमी होतो, तसं सुई रस्त्यावर जितके कमी दिवस फिरेल तितकी ती कमी जणांत वाटली जाईल. त्यांच्या अंदाजाने कार्यक्रमात येणाऱ्यांमध्ये नव्या एचआयव्ही लागणीत साधारण ३३ टक्के घट झाली. कुणाला डांबलं नाही, कुणाला सोडायला लावलं नाही.

सावली

हे पटलं. बरं, आमच्या केंद्रात यातलं काही मोजता येईल का? दाखल होताना आम्ही 'किती वर्षांपासून' एवढंच लिहून घेतो.

उंबरठा

दोन रकाने वाढवा, ताई. पहिल्यांदा घेतलं ते साल आणि महिना, आणि देणाऱ्याला त्या वेळी सुरू करून किती दिवस झाले होते. नाव नको, नाव विचारलं की उत्तर खोटं येतं. शंभर-दोनशे अर्ज झाले की नव्यांकडून किती आणि जुन्यांकडून किती हे दिसेल.

तिरकस

जे केंद्रात येतच नाहीत त्यांचं काय? ते तर या हिशेबात कधीच सापडणार नाहीत.

उंबरठा

त्यासाठी तळ्यातले मासे मोजायची जुनी युक्ती आहे: काही पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि त्यांत खुणेचे किती यावरून एकूण किती याचा अंदाज काढायचा. समजा पोलिसांच्या यादीत २००, केंद्रांच्या यादीत १५०, दोन्हींत सामाईक ३०. मग एकूण अंदाज २०० गुणिले १५० भागिले ३०, म्हणजे १०००.

तिरकस

दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर. पोलिसच पकडून केंद्रात पाठवत असतील तर सामाईक आकडा फुगतो आणि एकूण अंदाज कमी येतो.

सावली

आमच्याकडे पुष्कळ जण तसेच येतात. मग तिसरा रकाना, स्वतः आला की पाठवला. उद्या मीटिंगमध्ये मांडते.